हाशे

हाशे : गोमांस व कांदा यांचा नेदरलँड्समधील घरगुती रस्सा. शिरका, तमालपत्र आणि लवंग घालून तो मंद आचेवर कित्येक तास शिजवतात. थंडीच्या दिवसांत तो विशेष केला जातो.

‘हाशे’ हा शब्द ‘बारीक चिरणे’ या अर्थाच्या ‘आशे’ या फ्रेंच क्रियापदावरून आला, हे मत सामान्यतः ग्राह्य धरले जाते. तोडणे या अर्थाचे डच क्रियापद ‘हाकेन’ ध्वनीने जवळचे वाटते. परंतु मधला ‘श’ आणि शेवटचा दीर्घ ‘ए’ यांचा उलगडा त्यावरून होत नाही. फ्रेंच क्रियापदाच्या मुळाशी असलेला कुऱ्हाडवाचक शब्द मात्र फ्रँकिश, म्हणजे जर्मानिक कुळातला मानतात. तसे असल्यास शब्द फ्रेंचमध्ये जाऊन पुन्हा डच या जर्मानिक कुळातल्याच भाषेत परतला, असे म्हणावे लागते. इंग्रजीतील ‘हॅश’ याच घराण्यातला. नावाचा अर्थ ‘चिरलेले’ असला, तरी आजचा हाशे म्हणजे खिमा नव्हे. मांसाचे दोन-तीन सेंमी. चे तुकडे करतात.

या पदार्थाचा उगम बहुधा भाजलेल्या मांसाच्या उरलेल्या भागाचा पुनर्वापर करण्यात असावा. नावातील ‘चिरणे’ त्याच्याशी जुळते. लवंग आहे म्हणून पदार्थ १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारानंतरचा, असा तर्क टिकत नाही. लवंग यूरोपीय स्वयंपाकघरात मध्ययुगापासून होती. सोबतचा उकडलेला बटाटा मात्र नंतरचा : नेदरलँड्समध्ये तो रोजच्या जेवणात रुळला अठराव्या शतकात.

साधारणतः अर्धा किलो मांसाला तेवढाच कांदा घेतात. मांस लोण्यात तांबूस परतून त्यात कांदा, थोडे पीठ, पाणी किंवा मांसाचा अर्क आणि मसाले घालून दोन ते तीन तास झाकून मंद आचेवर ठेवतात. खांद्याकडचे, संयोजी ऊतक जास्त असलेले मांस यासाठी उत्तम. त्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे सावकाश जिलेटीन होते आणि रस्सा अंगचाच दाट होतो. रसरसून उकळल्यास मांस चिवट व कोरडे होते. शिरक्याने मांस मऊ होते, असे म्हटले जाते. आम्ल तुकड्यांत फार खोल शिरत नाही, त्यामुळे मऊपणाचे श्रेय मुख्यतः वेळेला द्यावे लागेल. शिवाय आम्लामुळे भाज्यांच्या पेशीभित्ती लवकर विरघळत नाहीत. म्हणून कांदा पुरता विरघळून हवा असेल, तर शिरका उशिरा घालणे सोयीचे. शेवटी राईच्या पिठाचा, दालचिनी-आले-लवंगयुक्त ‘ओंटबैटकूक’ नावाचा केक कुस्करून घालण्याची पद्धतही आहे. त्याने रस्सा आळतो आणि शिरक्याचा आंबटपणा सौम्य होतो.

मंद आचेसाठी पूर्वी घरोघरी रॉकेलचा वातीचा स्टोव्ह असे. नेदरलँड्समधील स्लोख्टेरेन येथे १९५९ मध्ये नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडल्यावर गॅस सर्वत्र पोहोचला आणि हे स्टोव्ह मागे पडले. आच मंद करण्यासाठी गॅसच्या ज्योतीवर ठेवायची तबकडी मात्र राहिली.

हाशे बटाट्यांबरोबर आणि सफरचंद घालून शिजवलेल्या लाल कोबीबरोबर वाढतात. कुस्करलेल्या बटाट्यात चमच्याने खळगा करून त्यात रस्सा ओततात. मुलांना हा भाग विशेष प्रिय.

नेदरलँड्सच्या दक्षिणेकडील लिंबर्ग प्रांतातील ‘झ्यूरव्लेस’ हा पदार्थ याचा जवळचा नातेवाईक. त्यात मांस आधी शिरक्यात मुरवतात व सफरचंदाचा काकवीसारखा पाक घालतात. पूर्वी यासाठी घोड्याचे मांस वापरीत. बेल्जियममधील फ्लेमिश प्रकारात शिरक्याऐवजी बिअर असते. इंडोनेशियातील ‘समूर’ या रश्श्याचे नाव ‘झाकून शिजवणे’ या अर्थाच्या ‘स्मोरेन’ या डच शब्दावरून आले असे मानतात. तेथे आंबटपणाची जागा गोड सोया सॉसने घेतली आहे.