शाळा 'यादीत' आहे, पण कोणत्या?

आमच्या इथल्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत दरवर्षी कुणीतरी गाठतंच. "अगं, ती शाळा सरकारच्या यादीत आली म्हणे. आम्ही त्याच टाउनमध्ये घर बघतोय." मी विचारते, कोणत्या यादीत? तर चेहरा कोरा. मागच्या काकू वरणाची वाटी सांभाळत निकाल देऊन टाकतात, "नापास झाली असेल." मी अमेरिकेत पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळेत शिकवते, त्यामुळे हे निस्तरायचं काम माझ्याकडे येतं आणि वरण गार होतं.

तर सुधारणेची गरज असलेल्या शाळांच्या याद्या मुख्यतः दोन. एकीचं नाव सीएसआय, कॉम्प्रिहेन्सिव्ह सपोर्ट अँड इम्प्रूव्हमेंट. दुसरी टीएसआय, त्यातला पहिला शब्द टार्गेटेड. दोन्ही २०१५च्या डिसेंबरात आलेल्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट'मधून निघाल्या. नावं ठेवणाऱ्याला सुचलं नाही की एका अक्षराच्या फरकावर लोक घरं घेतील नि मोडतील.

सीएसआय तुम्हाला माहीतच आहे, कारण 'यादी' म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात तीच असते. टायटल वन, म्हणजे गरीब घरांतल्या मुलांसाठीचा केंद्राचा पैसा, ज्या शाळांना मिळतो त्यांतल्या राज्यातल्या तळाच्या निदान ५ टक्के शाळा. शिवाय ज्या पब्लिक हायस्कुलात एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलं शाळा पूर्ण करून ग्रॅज्युएट होत नाहीत, ते प्रत्येक हायस्कूल. ही यादी राज्याने तीन वर्षांतून किमान एकदा काढायची. इथे आख्खी शाळाच अडचणीत आहे, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

घोळ होतो तो टीएसआयचा. यात शाळेची सरासरी बघतच नाहीत. बघतात ते गट: वेगवेगळ्या वंशांची मुलं, गरीब घरांतली, स्पेशल एज्युकेशनमधली, इंग्रजी नव्याने शिकणारी. समजा, नऊशे मुलांचं एक मिडल स्कूल आहे. दाराशी काचेच्या कपाटात मॅथ क्लबच्या ट्रॉफ्या, घरांच्या किमती आकाशाला भिडलेल्या. त्यातली साठ मुलं स्पेशल एज्युकेशनमधली, आणि त्यांचे निकाल वर्षानुवर्षं खाली. ही शाळा टीएसआयमध्ये येऊ शकते. टायटल वनचा एक डॉलर घेत नसली तरी येते, कारण ही यादी सगळ्या पब्लिक शाळांना लागू आहे. त्या एका गटाचे निकाल तळाच्या ५ टक्के शाळांइतके वाईट असतील, तर पुढची पायरी, एटीएसआय, म्हणजे 'ॲडिशनल' टीएसआय. आणि टायटल वनवाली शाळा राज्याने दिलेल्या मुदतीत त्यातून बाहेर पडली नाही, तर तिची रवानगी थेट सीएसआयमध्ये.

उपायही वेगळे. सीएसआय शाळेच्या सुधारणेचा आराखडा डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणारं स्थानिक मंडळ, करतं, राज्य मंजूर करतं आणि राज्यच लक्ष ठेवतं. टीएसआयमध्ये आराखडा शाळा स्वतः करते आणि डिस्ट्रिक्ट मान्य करतं, राज्य दूरच. म्हणून टीएसआय शाळेबद्दल "आता राज्य ताबा घेणार" असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा.

हा गोंधळ लोकांनी हवेतून काढलेला नाही, हे मात्र कबूल करायला हवं. २००२च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यात एकच शिक्का होता. एका गटाचं एका विषयातलं उद्दिष्ट हुकलं की आख्ख्या शाळेने 'एवायपी', म्हणजे त्या वर्षीची ठरलेली प्रगती, गाठली नाही, म्हणजे बोलीभाषेत फेल. आणि २०१३-१४पर्यंत शंभर टक्के मुलं उत्तीर्ण पातळीवर हवीत, असा हट्ट. तो पुरा होणार नाही हे दिसल्यावर ओबामा सरकारने २०११पासून राज्यांना सवलती दिल्या. त्यांतच शाळांचे 'प्रायॉरिटी' आणि 'फोकस' असे दोन प्रकार आले: तळाच्या शाळा वेगळ्या, मुलांच्या गटागटांत दरी असलेल्या शाळा वेगळ्या. सवलतीला अटी होत्या. वॉशिंग्टन राज्याने शिक्षकांचं मूल्यमापन राज्याच्या परीक्षांशी जोडायला नकार दिला, तेव्हा २०१४मध्ये त्यांची सवलत काढून घेतली आणि तिथल्या बहुतेक शाळांना 'फेल'ची पत्रं पालकांना धाडावी लागली. शाळा काल होत्या तशाच आजही होत्या. २०१५च्या कायद्याने ही विभागणी कायम केली आणि नियम ठरवायची बरीचशी मोकळीक राज्यांकडे दिली. लोकांच्या डोक्यात मात्र ते जुनं पत्रच आहे.

त्या मोकळिकीतली सगळ्यात खोडसाळ गोष्ट म्हणजे गटाचा किमान आकडा. एखादा गट मोजायला त्यात किती मुलं हवीत, हे राज्य ठरवतं. कुठे १०, कुठे ३०. जिथे ३० लागतात तिथे २२ मुलं असलेल्या शाळेचा तो गट हिशोबातच येत नाही. मिश्र वस्तीच्या मोठ्या शाळेत गट जास्त, म्हणून पकडलं जाण्याच्या जागाही जास्त. लहान, एकसाची शाळा कोरी सुटते आणि घरांच्या वेबसाइटवर दहापैकी नऊ मिरवते. ते दहापैकी गुण मला मुळीच आवडत नाहीत. मला निवडायला सांगाल तर, आपल्या कोणत्या मुलांचं बिघडलंय हे लेखी मान्य केलेली टीएसआय शाळा मी आधी बघेन.

दुसरं टोकही ऐकलंय. टीएसआयचा अर्थ समजावला की लगेच, "हां, म्हणजे आपल्या मुलांचा संबंध नाही." मागच्या वर्षी एका मैत्रिणीने पानावर बसल्या बसल्या हेच म्हटलं. मी म्हटलं, राज्याच्या साइटवर शाळेचं रिपोर्ट कार्ड उघड आणि गटाचं नाव वाच. तिने एका हाताने फोन चाळला. गट होता इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा. तिच्या दिराचा मुलगा त्याच जूनमध्ये साताऱ्याच्या मराठी शाळेतून आलेला, सप्टेंबरपासून त्याच शाळेच्या ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांच्या, वर्गात. तो समोरच मोदकांचं ताट फिरवत होता.