लिव्हरमध्ये 'साचलेलं' प्लास्टिक आणि सात दिवसांचा काढा

'प्लास्टिकच्या डब्यातलं विष वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये साचतं, सात दिवस हा काढा घ्या, धुऊन निघेल.' हा मेसेज फिरतोय कधीपासून. त्यात नाव असतं बीपीएचं, म्हणजे बिस्फेनॉल ए, प्लास्टिक बनवताना वापरलं जाणारं एक रसायन.

पण बीपीए लिव्हरमध्ये साचून राहत नाही. पोटात गेलेल्या बीपीएला लिव्हरच साखरेसारखा एक रेणू जोडतं, ते पाण्यात विरघळतं आणि बहुतेक सगळं दिवसभरात लघवीवाटे जातं. म्हणून तर ते मोजतात लघवीत. काढा न घेताही सातव्या दिवशी पहिल्या दिवसाचं बीपीए उरलेलं नसतं! तरी अमेरिकेत 2003-04 च्या पाहणीत 93 टक्के लोकांच्या लघवीत ते सापडलं, कारण रोज नवं येतं: डबाबंद अन्नाच्या डब्याला आतून दिलेल्या लेपातून, दुकानाच्या गुळगुळीत पावतीतूनही.

मग लिव्हरचं काय? त्याच पाहणीतल्या 1455 प्रौढांच्या आकड्यांवर 2008 मध्ये अभ्यास आला. बीपीए जास्त असलेल्यांत गॅमा जीटीसारखी लिव्हरची एन्झाइम्स (रक्तात ती वाढली की लिव्हरला त्रास असल्याची शंका येते) वाढलेली असण्याचं प्रमाण जास्त होतं. काळजीची गोष्ट खरी. पण नमुना एकदाच घेतलेला, म्हणजे मोजलं गेलं फार तर कालपासूनचं खाणंपिणं. आणि बीपीए व एन्झाइम्स एकाच वेळी तपासल्याने आधी काय बिघडलं ते त्यातून कळत नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा तब्बल 20,000 पटींनी खाली आणली. तेव्हा रोज नवं येणारं बीपीएच कमी करा: गरम आमटी स्टीलच्या डब्यात न्या, काढ्याचे पैसे वाचवा.