बटाट्याची प्युरे: वाद लोण्याचा, काम यंत्राचं

मॅश्ड पोटॅटो म्हणा किंवा फ्रेंच नावाने ‘पोम प्युरे’ म्हणा, आज पहिला प्रश्न लोण्याचा येतो. किलोला पाव, की किलोला अर्धा? गेली चाळीस वर्षं या पदार्थाबद्दल जे काही लिहिलं-बोललं गेलं, त्यातला मोठा भाग या एका प्रमाणाभोवतीच फिरतो. लोणी महत्त्वाचं आहेच. पण प्युरे रेशमासारखी होणार की चिकट लगदा होणार, हे लोणी भांड्यात पडायच्या आधीच ठरलेलं असतं. ते कसं ठरतं हे उलगडायला दोनशे वर्षं लागली, आणि त्या दोनशे वर्षांचं सगळं श्रेय लोण्याच्या खात्यावर जमा व्हावं हे मला पटत नाही.

बटाटा अँडीजमधून युरोपात कसा आला ते इथे पुन्हा सांगायला नको. प्युरेपुरतं पाहिलं तर पक्का लेखी टप्पा १७४७ सालचा आहे. त्या वर्षी लंडनमध्ये निघालेल्या एका पाकपुस्तकात दोन पौंड बटाटे उकडून, सोलून, ठेचून घ्यायला सांगितले आहेत. त्यात एक पिंट दूध, थोडं मीठ घालून तळाला लागू न देता ढवळायचं आणि शेवटी पाव पौंड लोणी घालून वाढायचं. म्हणजे लोणी बटाट्याच्या एक अष्टमांश, आणि तेही दुधानंतर. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे तो नेमका उलटा झाला.

फ्रान्सला उशीर झाला. १७४८ मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने कुष्ठरोगाच्या भीतीने बटाट्याच्या लागवडीला मनाई केली होती. प्रशियाच्या कैदेत बटाट्यावर दिवस काढलेल्या एका लष्करी औषधतज्ज्ञाने परतल्यावर त्याची बाजू लावून धरली, आणि १७७२ मध्ये तिथल्या वैद्यक विद्याशाखेने बटाटा खाण्यायोग्य ठरवला. खिम्यावर प्युरेचा थर देऊन भाजलेल्या पदार्थाला आजही त्या औषधतज्ज्ञाचं नाव आहे. नंतर मोठ्या स्वयंपाकघरांत प्युरे चाळणीवर होऊ लागली. घोड्याच्या केसांच्या सपाट चाळणीवर गरम बटाटा ठेवायचा आणि छत्रीसारख्या डोक्याच्या लाकडी दट्ट्याने सरळ खाली दाबायचा. दाबायचं, घासायचं नाही, ही शिकवण हाताखालच्या पोरांना पहिल्याच दिवसापासून असे. कारण कुणी सांगत नव्हतं, बहुधा कुणाला माहीतही नव्हतं. नियम मात्र बरोबर होता.

घरात एवढा उपद्व्याप कोण करणार? तिथे काटा किंवा रवी, आणि गुठळ्या. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये हाताने फिरवायचं भाजी गाळण्याचं यंत्र निघालं. बायकोने केलेल्या प्युरेत गुठळ्या लागल्या म्हणून नवऱ्याने ते बनवलं, अशी कथा सांगतात. पुढे त्यातून घरगुती यंत्रांची एक मोठी कंपनी उभी राहिली. तळाला भोकांची चकती, वर तिरकं पातं, पातं फिरवायला दांडा. ज्या घरात पुरणयंत्र आहे त्या घरात हे यंत्र आहेच. नाव वेगळं, काम तेच: पातं गर चकतीवर दाबतं आणि भोकांतून खाली ढकलतं, कापत नाही. माझ्या मते प्युरेच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस हा आहे. घरच्या प्युरेतली गुठळी गेली ती या यंत्राने, कुठल्याही शेफने नव्हे.

यंत्र का चालतं ते बटाट्याच्या आत पाहिलं की कळतं. उकडलेल्या बटाट्यात स्टार्च पेशींच्या आत फुगून बसलेला असतो. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन उकडताना सैल पडतं, म्हणून पेशी सुट्या होतात. सुट्या झालेल्या पण न फुटलेल्या पेशी म्हणजे मऊ प्युरे. पेशी फुटली की आतला स्टार्च बाहेर सांडतो आणि खळ तयार होते. मिक्सरचं पातं पेशी फाडतंच. म्हणून मिक्सरमधून काढलेला बटाटा चमच्यावरून लांब तार सोडतो, भांड्याच्या कडेला चमकदार थर धरतो. त्यात नंतर कितीही लोणी घाला, तार मोडत नाही. बटाटा गार झाला तरीही घोटाळा होतो, कारण पेक्टिन पुन्हा घट्ट होतं आणि दाबताना पेशी सुटण्याऐवजी फुटतात. बोटं भाजली तरी गरमच सोलायचा, हा जुना हट्ट त्यासाठीच.

यापुढची पायरी कारखान्याने गाठली, आणि तिचं श्रेय कारखान्याला फारसं कुणी देत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या एका सरकारी प्रयोगशाळेत बटाट्याचे वाळवलेले पापुद्रे बनवण्याची पद्धत बसवली गेली. गरम पाण्यात कालवले की झटपट प्युरे. अडचण तीच होती: तापलेल्या रुळावर वाळवताना पेशी फुटत आणि सगळं चिकट होई. उपाय असा निघाला की कापलेला बटाटा आधी साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा, मग गार पाण्यात थंड करायचा आणि त्यानंतरच वाफेवर पूर्ण शिजवायचा. पहिल्या उष्णतेत स्टार्च पेशीच्या आतच फुगतो, गार करताना त्याची घडी घट्ट बसते, आणि मग पेशी फुटली तरी तो पूर्वीसारखा चिकटत नाही. फ्रान्समध्ये असं पाकीट १९६३ मध्ये आलं आणि घराघरांत गेलं. ब्रिटनमध्ये १९७४ च्या एका टीव्ही जाहिरातीत पत्र्याचे मंगळवासी, सुरीने बटाटे सोलणाऱ्या माणसांना खो-खो हसत. पाकिटातल्या प्युरेला बटाट्याचा वास जेमतेम उरतो, तिची तरफदारी मी करणार नाही. पण त्या ७० अंशांमागची समज खरी होती.

आता तो लोण्याचा वाद. १९८१ च्या अखेरीस पॅरिसच्या सोळाव्या विभागात एक छोटं रेस्टॉरंट उघडलं आणि १९८४ पर्यंत त्याला रेस्टॉरंटांना दर्जा देणाऱ्या ‘मिशेलिन’ मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे सर्वोच्च मान, मिळाले. प्युरे तेव्हा पाकिटातली किंवा शाळेच्या खानावळीतली गोष्ट समजली जाई. तिथल्या शेफने ती तीन ताऱ्यांच्या ताटात ठेवली आणि तीच त्या जागेची ओळख बनली. छापील कृतीत एक किलो ‘रात’ जातीच्या बटाट्यांना २५० ग्रॅम लोणी आणि २० ते ३० सेंटिलिटर दूध आहे. पण तिथे काम केलेले आणि जेवलेले अनेक जण सांगत आले की प्रत्यक्षात दोन भाग बटाट्याला एक भाग लोणी पडे, म्हणजे किलोला अर्धा किलो. हा दुसरा आकडा जगभर गेला.

खरं कोणतं? माझ्या मते दोन्ही खरे असू शकतात, आणि त्यात लपवाछपवी शोधण्याचं कारण नाही. दूध पाव लिटर धरलं तर छापील प्रमाणात शंभर ग्रॅम प्युरेमागे साधारण १७ ग्रॅम लोणी येतं, निम्म्याच्या प्रमाणात सुमारे २९ ग्रॅम. रेस्टॉरंटमध्ये चमचा-दोन चमचे वाढतात. घरी माणूस वाटीभर घेतो. घरासाठी छापलेलं प्रमाण कमी असणं हे शहाणपणच म्हणायला हवं.

मला खटकतं ते वेगळंच. आकडा सगळीकडे पोहोचला, त्याच्या आधीची कृती पोहोचली नाही. त्या स्वयंपाकघरात बटाटे सालीसकट, गार पाण्यातून चढवत. गरम सोलून हातयंत्रातून काढत. मग तो गर पातेल्यात मंद आचेवर चार-पाच मिनिटं लाकडी पळीने हलवत कोरडा करत, पातेल्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरेपर्यंत. त्यानंतर फ्रीजमधलं थंड लोणी तुकड्या-तुकड्यांनी, जोराने घोटत. उकळतं दूध सर्वांत शेवटी, बारीक धारेने. वाढण्याआधी पुन्हा बारीक चाळणी. १७४७ च्या पुस्तकात दूध आधी आणि लोणी नंतर होतं. इथे क्रम फिरला, आणि त्याला कारण आहे. पाणी उडालेला गर लोणी शोषून धरतो आणि थंड तुकडा हळूहळू वितळतो म्हणून त्यातली चरबी गरात मिसळून राहते. गर कोरडा न करता, वितळलेलं लोणी एकदम ओतून ‘किलोला अर्धा’ करायला गेलं की पाच मिनिटांत कडेने तूप सुटतं. अशी प्युरे मी चांगल्या हॉटेलांत खाल्ली आहे, आणि दोष प्रत्येक वेळी लोण्याच्या प्रमाणाला दिला गेलेला ऐकला आहे.

२००० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका प्रसिद्ध शेफने कारखान्याचे ते ७० अंश रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात आणले. कापलेले बटाटे अर्धा तास त्या तापमानाला, मग गार, मग उकडणं. साली दुधात उकळून, गाळून तेच दूध प्युरेत घालायचं, म्हणजे बटाट्याचा वासही वाढतो. आज अनेक व्यावसायिक स्वयंपाकघरांत हीच रीत आहे, आणि ती पाकिटाच्या कारखान्यातून आली हे तिथल्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

आपल्याकडे करताना मोठी अडचण बटाट्याच्या जातीची. रात हा लहान, पिवळा, घट्ट गराचा बटाटा. आपला भाजीवाला नवा, जुना किंवा फार तर इंदूरचा एवढंच सांगतो. चिपसोनासारख्या जाती वेफर्सच्या कारखान्यांसाठी काढलेल्या आहेत आणि बहुतेक तिकडेच जातात. शिवाय शीतगृहात दोन ते चार अंशांवर राहिलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, आणि त्याची प्युरे गोडसर लागते. भाजीत तो गोडवा मसाल्याखाली दडतो, प्युरेत दडायला जागा नसते. असा बटाटा आठ-पंधरा दिवस घरात अंधाऱ्या, हवेशीर जागी मोकळा ठेवला तर गोडवा बराच उतरतो. आणि बाजारातलं पिवळं बटर मुळात खारट असतं, तेव्हा मीठ अगदी शेवटी, चाखून.