आधी दहावी, मग पहिली

महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडखळणं) पहिली ठळक दखल घेतली ती दहावीच्या परीक्षेच्या निमित्ताने. १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी सवलती मंजूर झाल्या. पेपर सोडवायला जादा वेळ मिळू लागला आणि शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा करण्याची मुभा आली. एक भाषा सोडून त्याऐवजी कार्यानुभव घेता येऊ लागला. बीजगणित आणि भूमितीच्या जागी खालच्या इयत्तेचं गणित चालू लागलं. असं पाऊल उचलणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्याच सुमारास मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महापालिका रुग्णालयांत तपासणीची सोय होऊ लागली.

निर्णय चांगलाच होता. दरवर्षी कित्येक मुलांवरचं नापासाचं शिक्कामोर्तब त्याने टाळलं. पण त्याने एक सवयही लावली. मदत म्हणजे सवलत, सवलत म्हणजे सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेट लागतं ते बोर्डाला, असं समीकरण पालकांच्या आणि शाळांच्याही डोक्यात पक्कं बसलं. दुसरीत अडखळत वाचणाऱ्या मुलाला रेमेडियलची, म्हणजे वेगळ्या पद्धतीने पुन्हा शिकवण्याची, गरज आहे, हे त्या समीकरणात कुठेच बसत नाही.

याची मुळं बरीच मागे जातात. मुलांच्या मनाचा विचार मुंबईत सुरू झाला तो कायद्याच्या वाटेने. १९२४ मध्ये बॉम्बे चिल्ड्रन अॅक्ट आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. घर सोडून आलेली, चोरीत सापडलेली, रस्त्यावर फिरणारी मुलं हा त्या काळचा मुख्य प्रश्न. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९३६ मध्ये नागपाड्यात टाटा समाजकार्य शाळा सुरू केली (आजची ‘टिस’, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), आणि लगेच पुढच्या वर्षी तिथे बालमार्गदर्शन केंद्र निघालं. देशातलं ते पहिलं मानलं जातं. मूल वाईट वागतं म्हणजे त्याला शिक्षा हवी, या समजाला तिथे पहिल्यांदा पद्धतशीर फाटा दिला गेला. तरीही त्रास देणारं मूलच लोकांच्या नजरेत भरे. मुकाट बसणारं मूल तिथवर पोचण्याचं काही कारणच नव्हतं.

दुसरी वाट पालकांनी पाडली. १९४४ मध्ये वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या मुलीच्या गरजेतून मुंबईत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा काढली, तीच जय वकील शाळा. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांची ‘कामायनी’ अशाच मुलांसाठी सुरू झाली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापली, त्यामागेही त्यांची स्वतःची मुलगी होती. या संस्थांचं ऋण मोठं आहे. मात्र ज्या मुलाचं वेगळेपण चटकन दिसतं, त्याच्यासाठी ही दारं होती.

मधलं मूल राहून गेलं. तल्लख, बोलण्यात सगळ्यांच्या पुढे, पण वही उघडली की अर्धं पान कोरं. अशा मुलाचं वर्णन डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केलं होतं. मुलगा चौदा वर्षांचा, हुशार, पण वाचता येत नाही. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत पहिला येईल, असं त्याच्या शिक्षकाचं मत त्यात नोंदवलेलं आहे. तरी ‘लर्निंग डिसेबिलिटी’ (एलडी, म्हणजेच अध्ययन अक्षमता) ही संज्ञा अमेरिकेत रुळली ती १९६३ नंतर. आपल्याकडे तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकावर एकच शेरा असे: ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’

मराठीत ही अडचण दिसते वेगळी. इंग्रजीत बी-डीची उलटापालट शिक्षकांना पटकन कळते. देवनागरीत उच्चार आणि अक्षर यांचा मेळ बराच सरळ असल्याने मूल कसंबसं, एकेक अक्षर लावत वाचून दाखवतं आणि पास होतं. खरी फजिती लिहिताना होते. काना गळतो आणि ‘शाळा’ची ‘शळा’ होते. भ आणि म, घ आणि ध यांची गल्लत चौथीतही सुटत नाही. ‘प्रश्न’, ‘विद्यार्थी’ असं जोडाक्षर आलं की पेन थांबतं. वर्गातले सगळेच ऱ्हस्व-दीर्घ चुकवतात, त्यामुळे हे मूल त्या गर्दीत लपून जातं. त्यात तपासण्या बराच काळ इंग्रजीतूनच होत, म्हणून सवलतींचा पहिला फायदा शहरातल्या इंग्रजी माध्यमाला मिळाला यात नवल नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आणला तो २०१५ मध्ये, म्हणजे सवलतींनंतर जवळजवळ वीस वर्षांनी.

केंद्राचा कायदा तर आणखी मागे होता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती, स्वमग्नताही (ऑटिझम) नव्हती. स्वमग्नतेला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जागा दिली. २०१६ च्या कायद्याने यादी एकवीसवर नेली आणि दोन्हींचा तीत समावेश केला. एडीएचडीला (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) मात्र तिथेही स्वतंत्र नोंद मिळाली नाही. एका जागी न बसणाऱ्या मुलाच्या आईला आजही ‘याला एलडीत बसवता येईल का?’ असं विचारावं लागतं, ते यामुळेच.

दरम्यान २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरवलं. मला हे धोरण तत्त्वतः पटतं. पण ज्या मुलाला वाचता येत नाही त्याच्यासाठी वर्गात दुसरी सोय झाली नाही, तेव्हा नापासाचा जुना धोक्याचा कंदील तेवढा विझला. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मुलांना मागे ठेवण्याचा अधिकार राज्यांना परत मिळाला. कंदील पुन्हा लागला, सोय अजून व्हायची आहे.

लवकर ओळखण्याचं काम २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे आहे. फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा जातात. त्यांच्या यादीत अध्ययनातील अडचणी आणि एडीएचडी दोन्ही आहेत. पण पथकाकडे वजन, दात, डोळे, रक्तक्षय अशी तीसएक कामं असतात आणि समोर वर्गभर मुलं. तेवढ्या वेळात कुणाचं वाचन ऐकून घेणं शक्य नसतं. शंका आलीच तर पुढचा टप्पा जिल्ह्याच्या केंद्रावर.

खुद्द सर्टिफिकेटसाठी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी क्रम आखून दिला. बालरोगतज्ज्ञ आधी डोळे आणि कान तपासणार, मग बुद्ध्यांक चाचणी होणार, त्यानंतर वाचन-लेखन-गणिताची चाचणी. त्या तत्त्वांत किमान वय आठ वर्षं होतं, पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होती. आठ वर्षं म्हणजे साधारण तिसरी. तिसरीत आलेल्या मुलाच्या हाताशी बोर्डाआधी सात वर्षं असतात. नववीत आलेल्याला जेमतेम एक वर्ष मिळतं, आणि तेही क्लिनिकची तारीख मिळण्यात निम्मं सरतं.