आधी दुखणं, मग हसणं

सोमवारी सकाळी फाशीकडे नेला जाणारा कैदी म्हणतो, "वा, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली!" मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने 1927 साली विनोदावर लिहिलेल्या निबंधात हे उदाहरण दिलं. या विनोदाने फाशी टळत नाही. कैद्याने तिला फक्त स्वतःपुरतं लहान करून टाकलेलं असतं. बऱ्या न होणाऱ्या आजारातला विनोद याच जातीचा. त्याने गाठी विरघळत नाहीत की आयुष्य वाढत नाही. तरीही शरीरात काहीतरी घडतं, आणि ते मोजलेलं आहे.

मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या. आधी आणि नंतर दंडाला बर्फगार पट्टा बांधून किंवा रक्तदाबाची पट्टी फुगवून ते किती सहन करतात, ते पाहिलं. खळखळून हसलेल्यांची सहनशक्ती वाढली होती. हसताना आपण मध्ये श्वास न घेता तो झटक्याझटक्याने बाहेर फेकतो आणि पोटाचे, छातीचे स्नायू दमतात. या दमणुकीतून मेंदूतली अफूसदृश द्रव्यं सुटत असावीत, असं संशोधकांचं म्हणणं होतं. पुढे 2017 साली फिनलंडमधल्या संशोधकांनी मेंदूतली रासायनिक हालचाल दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्ये मित्रांसोबत हसल्यावर अशी द्रव्यं सुटताना टिपली.

मात्र हे सगळे लोक धडधाकट होते आणि परिणाम थोड्या वेळापुरता होता. तेव्हा 'हसतोय ना, मग मॉर्फिन (अफूपासूनचं तीव्र वेदनाशामक) कमी करू' हा हिशेब साफ चुकीचा. खरा क्रम उलटा आहे. दुखणं आवरलं की हसू आपोआप परत येतं.

म्हणून सुरुवात औषधांच्या वेळापत्रकापासून. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन साधारण अर्ध्या तासात लागू पडू लागतं, तासाभरात जोर धरतं आणि चारेक तास टिकतं. ते दुखायची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं. मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोस दिवसभराच्या एकूण मात्रेच्या दहाव्या ते सहाव्या हिश्शाइतका असतो. दिवसाला 60 मिलिग्रॅम चालू असेल तर 6 ते 10 मिलिग्रॅम. आकडा डॉक्टरांनी ठरवून कागदावर लिहून द्यावा. रात्री दोन वाजता कोणालाही भागाकार जमत नाही. पाहुणे यायचे असतील तर त्यांना डोसनंतर तासाभराने बोलवा आणि वीस मिनिटांत उठायला सांगा. थकवा हाही आजाराचाच भाग आहे.

मॉर्फिनची मळमळ बहुधा आठवड्याभरात ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, शरीर त्याला सरावत नाही. म्हणून रेचक पहिल्या डोसबरोबरच सुरू करायचं. चार दिवस पोट साफ न झालेल्या माणसाला कुठला विनोद सुचणार? धाप लागत असेल तर पुढे झुकवून बसवा आणि हातात धरायचा छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर गाल आणि नाकावर फिरवा. त्या भागातल्या चेतातंतूंना गार वारा लागला की मेंदूला जाणवणारी घुसमट कमी होते. बरगडीत गाठ असेल किंवा पोटाला टाके असतील तर हसताना उशी दाबून धरा. गिळायला त्रास असेल तर घास तोंडात असताना कोणी विनोद करू नये. ठसका जिवावर बेतू शकतो.

ही सगळी उपशामक सेवेची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची कामं. ती अगदी शेवटच्या आठवड्यात बोलवायची गोष्ट आहे असा समज घट्ट बसलेला आहे. 2010 साली पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानानंतर लगेच ही सेवा मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं. शिवाय जगण्याचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, 11.6 महिने होता, इतरांचा 8.9. शेवटी शेवटी त्यांच्यावर आक्रमक उपचार कमीच झाले होते.

यातूनच एक साधी खूण हाती लागते. नेहमी टोमणे मारणारा माणूस अचानक गप्प झाला तर 'खचला बिचारा' म्हणून सोडून देऊ नका. दुखणं, पोट, धाप, झोप आणि गोंधळलेपण, या पाचही गोष्टी तपासा. त्यानंतर नैराश्याचा विचार करा, त्यालाही औषध आहे. उलटाही प्रकार असतो. मोटर न्यूरॉनच्या आजारात, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजत जातात तेव्हा, काहींना कारणाशिवाय हसू फुटतं आणि ते रडण्यातही बदलतं. मोठ्या मेंदूकडून मेंदूच्या देठाकडे जाणारी आवर घालणारी वाट बिघडलेली असते. घरच्यांना वाटतं, मजेत आहे. रुग्ण मात्र आतून ओशाळलेला असतो. यावरही गोळ्या मिळतात, फक्त डॉक्टरांना सांगायला हवं.

विनोदाचा पहिला हक्क रुग्णाचा. त्याने आजाराची थट्टा केल्याशिवाय बाकीच्यांनी करू नये. त्यातही ऐकायचा कान लागतो. "केस गेले, शाम्पूचा खर्च वाचला" म्हणणारा स्वतःला सावरतोय. "मी गेलो की सुटाल सगळे" असं हसत म्हणणारा प्रश्न विचारतोय, तिथे हसून चालत नाही. जवळ बसून "असं का वाटतं?" एवढं विचारावं.

राहिला 'किती दिवस?' हा प्रश्न. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 साली मेसोथेलिओमा हा पोटाच्या अस्तराचा कर्करोग झाला. त्या आजाराचा मध्यांक होता आठ महिने. मध्यांक म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगतात, आणि त्यातले काही तर फारच जास्त, हे त्यांनी स्वतः लिहून समजावलं. ते वीस वर्षं जगले, 2002 साली गेले, तेही वेगळ्या कर्करोगाने. म्हणून सगळेच वीस वर्षं जगतील असं नाही. 468 मरणासन्न रुग्णांच्या 2000 सालच्या अभ्यासात डॉक्टरांचे अंदाज सरासरी पाचपट जास्त निघाले. त्यामुळे बेत दोन आखावेत: एक लांबचा आणि एक या आठवड्यातच उरकेल असा. लांबचा मोडला तरी जवळचा पदरात पडलेला असतो.

अगदी शेवटच्या तासांत माणूस प्रतिसाद देईनासा होतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा काही रुग्णांच्या मेंदूने आवाजांची नोंद घेतल्याचं ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, दिसलं. अर्थ कळतो की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. पण खोलीत कुजबुजत बसण्याचं कारण उरत नाही. घरातला तो जुना, शंभरदा सांगून झालेला किस्सा नेहमीच्या आवाजात आणखी एकदा सांगता येतो.