ऑर्व्हलची बिअर: बूच लावल्यावरही काम करणारं यीस्ट

बिअर बाटलीत भरून बूच लावलं की विषय संपला, पुढे ती फक्त शिळी होत जाते असं बहुतेकांना वाटतं. फिल्टर, पाश्चराइज केलेल्या बिअरचं ते खरंही आहे, पण बेल्जियममधल्या ऑर्व्हल मठाच्या बिअरची खरी गंमत बाटलीत गेल्यावर सुरू होते.

मठ जुना आहे, 1070 च्या सुमारास दक्षिण इटलीतून आलेल्या साधूंनी वसवलेला, 1132 पासून सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा, आणि 1793 मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने जाळला तो पुढे शंभरावर वर्षं पडीकच. 1926 ला पुन्हा बांधायला घेतला, पैसा लागणार म्हणून 1931 मध्ये ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, काढली. त्यामुळे ‘मध्ययुगीन गुप्त रेसिपी’ वगैरे मार्केटिंगवर अजिबात विश्वास ठेवू नका, पहिला ब्रुमास्टर पापेनहायमर नावाचा जर्मन होता. लेबलवर तोंडात अंगठी धरलेला मासा दिसतो, काउंटेस मॅटिल्डाची झऱ्यात पडलेली अंगठी ट्राउटने परत आणून दिली अशी दंतकथा आहे. गोष्ट गोड आहे, पण या चवीमागे चमत्कार नाही, ब्रेटानोमायसिस, थोडक्यात ब्रेट, नावाचं यीस्ट आहे.

बार्लीला मोड आणून ती गरम पाण्यात भिजवली की तिच्यातले एन्झाइम स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतात. त्यातून ग्लुकोज, माल्टोज अशा छोट्या साखरा सुटतात, त्या नेहमीचं यीस्ट खाऊन टाकतं, पण डेक्स्ट्रिन नावाचे मोठे तुकडे त्याला तोडता येत नाहीत, ते तसेच उरतात. ब्रेटकडे ते तोडणारे एन्झाइम असतात! म्हणून बाटलीतलं ब्रेट महिनोन्‌महिने हळूहळू खात बसतं, बिअर कोरडी होत जाते, फेस वाढतो, अल्कोहोलही लेबलवरच्या 6.2 टक्क्यांच्या थोडं वर सरकतं. दुसरं काम त्याहून भारी. बार्लीच्या टरफलात फेरुलिक आणि कुमारिक अ‍ॅसिड असतं, ब्रेट आधी त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून त्याचं व्हिनाइलफिनॉल बनवतं, मग त्याला हायड्रोजन जोडून एथिलफिनॉल. ही दुसरी पायरी नेहमीच्या यीस्टला जमत नाही. एथिलफिनॉलचा वास म्हणजे चामडं, लवंग, घोड्याचा तबेला.

1904 मध्ये कार्ल्सबर्ग या डॅनिश ब्रुअरीतल्या क्लाउसेन नावाच्या शास्त्रज्ञाने इंग्लिश बिअरमध्ये हे यीस्ट ओळखलं. वाइनवाल्यांना मात्र हेच यीस्ट पिंपात नको असतं, तबेल्याच्या वासाने अख्खी वाइन वाया जाते.

ताज्या ऑर्व्हलमध्ये हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा पुढे असतो, सहा महिन्यांनी तो मावळून ब्रेट वर येतं. बाटलीवर भरल्याची तारीख छापलेली असते, विकत घेताना आधी ती बघा.