वंशावळ नेटवर टाकली म्हणजे नक्की कुठे? फॅमिलीसर्च आणि मायहेरिटेज

भावकीच्या ग्रुपवर अधूनमधून निरोप येतो, ‘आपली वंशावळ मी नेटवर चढवली आहे, सगळ्यांनी आपापली माणसं भरा.’ कुठे चढवली, हे कुणी सांगत नाही. वंशावळ भरायची दोन संकेतस्थळं आहेत; निम्मे लोक फॅमिलीसर्चवर भरतात, निम्मे मायहेरिटेजवर, आणि आठवड्याभरात सुरू होतं, ‘मी भरलेलं कुणी बदललं?’, ‘मला तर काहीच दिसत नाही.’ साताऱ्यात आमच्या भावकीत हे तीनदा झालं. दोन्ही ठिकाणी चौकटी सारख्याच, बाप वर नि मुलं खाली, म्हणून लोकांना वाटतं की नावं वेगळी, वस्तू एकच.

मायहेरिटेज बहुतेकांना माहीत आहे. आजोबांचा जुना फोटो रंगीत करायला किंवा 2021 मध्ये फोटोतले चेहरे हलायला लागले तेव्हा अनेकांनी तिथे खातं काढलं. ही इस्रायलची कंपनी आहे. फुकट खात्यात 250 माणसं बसतात, पुढे पैसे. फॅमिलीसर्च अमेरिकेतलं एक चर्च चालवतं. पूर्वजांचा शोध हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग असल्याने सगळं विनामूल्य. दिसणं, बटणं, मोबाइल ॲप यांत सांगण्यासारखं काही नाही.

फसगत होते ती पुढच्या गोष्टीत.

मायहेरिटेजवर तुम्ही लावलेलं झाड, म्हणजे वंशावळ, तुमचं असतं. घरातल्या वहीसारखं. कुणाला बोलवायचं, कुणाला खोडू-लिहू द्यायचं, हे तुम्ही ठरवता. फॅमिलीसर्चवर ‘माझं झाड’ ही गोष्टच नाही. साऱ्या जगाचं मिळून एकच झाड आहे आणि प्रत्येक मयत माणसाचं त्यात एकच पान असावं, हा तिथला दंडक. पणजोबांचं पान तुम्ही उघडलंत तरी ते चावडीवर लावलेल्या कागदासारखं आहे. विट्याचा चुलतभाऊ त्यात भर घालेल, तुम्ही कधी न पाहिलेला माणूस तारीख बदलेल, आणि तसं करायचा त्यांना तुमच्याइतकाच हक्क आहे. म्हणून ‘माझं झाड कुणी बिघडवलं’ ही तक्रार तिथे चालत नाही.

एका सामायिक झाडावर आमच्या एका भाच्याने काय केलं ते सांगतो. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपल्याकडची रीत. आमच्यात बाळाजीचा मुलगा विठोजी, विठोजीचा मुलगा पुन्हा बाळाजी. भरताना भाच्याने फक्त नाव आणि आडनाव लिहिलं, कारण फॉर्ममध्ये बापाच्या नावाला वेगळा रकाना नव्हता. एकाच गावचे, एकाच आडनावाचे दोन बाळाजी समोर आले, त्याने ते एकच समजून जोडून टाकले. विठोजीचा बाप आणि विठोजीचा मुलगा एकच माणूस झाला! खालच्या चार पिढ्या गुंतल्या.

सुटलं ते जुन्या फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीच्या, झेरॉक्सवरून. घडीवर कागद फाटलेला, शाई पसरलेली, पण वारस नोंदीत स्पष्ट होतं: ‘बाळाजी विठोजी मयत, वारस मुलगे दोन, पत्नी एक.’ थोरला तर बाळाजी राणोजी. मधल्या एका नावाने दोन माणसं वेगळी झाली. फॅमिलीसर्चवर प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, त्यामुळे चुकीचा जोड मागे घेता येतो. पण आधी तो चुकला आहे हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. म्हणून माझा आग्रह आहे: नावाच्या रकान्यात बापाचं नाव लिहायचंच. आणि कै., श्री., रावसाहेब असलं काही तिथे घालायचं नाही, शोधताना माणूस सापडत नाही.

‘मला काहीच दिसत नाही’ याचं कारणही यातच आहे. फॅमिलीसर्चवर हयात माणूस ज्याने भरला त्यालाच दिसतो. दोघा भावांनी आपापल्या खात्यातून आई भरली, तर दोन नोंदी होतात आणि एकाची दुसऱ्याला दिसत नाही. एकत्र पाहायचं तर वेगळा कुटुंब-गट करावा लागतो. मायहेरिटेजवर ज्याला आमंत्रण दिलंत त्याला हयात माणसंही दिसतात.

बायकांच्या बाबतीत दोन्हीकडे एकच चूक होते. परदेशी फॉर्म माहेरचं आडनाव विचारतो, पण आपल्याकडे लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायचे. माहेरची गंगू सासरी सरस्वती होते, आणि ‘सरस्वती’ घेऊन मिरजेच्या माहेरची कागदपत्रं शोधणाऱ्याला ती कधीच मिळत नाही. माहेरचं पूर्ण नाव मुख्य रकान्यात आणि सासरचं पर्यायी नावात, असं लिहावं.

मायहेरिटेजच्या ‘स्मार्ट मॅच’वर डोळे झाकून होकार देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तो दुसऱ्या कुणाच्या झाडाशी जुळलेला नुसता अंदाज असतो, पुरावा नव्हे. याच वाटेने कागदाचा तुकडाही नसताना लोक स्वतःला एखाद्या सरदाराचे थेट वंशज करून घेतात, आणि पुढचे दहा जण तेच उतरवून घेतात.

आपला खरा पुरावा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले फेरफार, कोतवाल बुक (गावची जन्ममृत्यूची नोंदवही) आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी. यातलं बरंचसं मोडी लिपीत आहे, तेव्हा वाचणारा माणूस गाठावा लागतो. फॅमिलीसर्चवर हिंदू तीर्थक्षेत्रांच्या वह्यांची छायाचित्रं आहेत, हरिद्वारला जाऊन आलेलं घराणं असेल तर जरूर चाळा.

मी स्वतः कच्चं काम मायहेरिटेजवर ठेवतो, आणि ज्या मयत माणसाचा कागद हातात आहे तेवढाच फॅमिलीसर्चवर नेतो, कागदाचा फोटो जोडून. आमची भावकी 250 च्या पुढे गेली तेव्हा पैसे भरले. मायहेरिटेजचं झाड जेडकॉम फाइल म्हणून (वंशावळीची माहिती साठवायची ठरलेली फाइल) उतरवून घेता येतं, दर दिवाळीला ती पेन ड्राइव्हवर ठेवतो. त्या फाइलीत फोटो येत नाहीत, ते वेगळे उतरवावे लागतात.